किती माणसे, किती माती: इंडोनेशियाच्या बेटांवरची गावे

इंडोनेशियात लोकसंख्येचा आकडा सांगताना त्याच्यापुढे 'जिवा' हा शब्द लावतात. २०२० च्या जनगणनेत त्या देशात २७ कोटी २ लाख 'जिवा' भरले. हा आपलाच 'जीव', संस्कृतातून समुद्रापार गेलेला. रहिवाशासाठी त्यांचा शब्द मात्र अस्सल मलय आहे, 'पेंदुदुक'. 'दुदुक' म्हणजे बसणे, आणि पेंदुदुक म्हणजे बसलेला, एका जागी ठाण मांडलेला माणूस. किती जीव कुठल्या मातीवर बसले आहेत, ही लोकसंख्येची इतकी साधी व्याख्या मला दुसरीकडे आढळलेली नाही. या लेखात ती धरूनच पुढे जायचे आहे, कारण इंडोनेशियाच्या गावांतील घरे, सण, वारसाहक्क आणि पाणीवाटपाचे नियम यांच्याकडे आपण बहुधा रंगीत संस्कृती म्हणून पाहतो आणि लोकसंख्येकडे रुक्ष आकडेवारी म्हणून. प्रत्यक्षात एवढ्या मातीत इतक्या जिवांना कसे सामावून घ्यायचे, या प्रश्नाला प्रत्येक बेटाने शोधलेले उत्तर म्हणजेच तिथले गाव होय.

आधी आकडे पाहू. इंडोनेशियाची बेटे १७,००० हून अधिक आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६,००० बेटांवर वस्ती आहे. भारत, चीन आणि अमेरिका यांच्यानंतर लोकसंख्येत याच देशाचा क्रम लागतो. परंतु ही माणसे बेटांवर सारखी पसरलेली नाहीत. जावा बेटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि २०२० मध्ये तिथे १५ कोटी १६ लाख माणसे राहत होती, म्हणजे देशातील निम्म्याहून अधिक. एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ११७० माणसे, असा हा हिशेब होतो. शेजारचे कालिमंतान, म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडे असलेला भाग, जावाच्या चौपटीहून मोठा आहे. तिथे एक कोटी ६६ लाख माणसे आहेत आणि दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम तीस.

इतका फरक का, याचे उत्तर बऱ्याच अंशी जमिनीखाली सापडते. जावा ही जागृत ज्वालामुखींची रांग आहे. मेरापीसारखा ज्वालामुखी जीव घेतो, गावे गाडतो, हे खरेच; पण त्याची राख कुजून जी माती तयार होते ती खनिजांनी भरलेली असते आणि डोंगरावरून उतरणाऱ्या नद्या ती सत्त्वे पाण्याबरोबर खालच्या भातशेतीत आणून सोडतात. बांध घालून पाणी साठवलेल्या खाचराला तिथे 'सावाह' म्हणतात. सावाहचे वैशिष्ट्य असे की त्यात पिकाला लागणाऱ्या अन्नाचा बराच भाग पाणीच पुरवते आणि त्यामुळे तेच खाचर शतकानुशतके, वर्षातून दोनदादेखील, पिकवता येते. शिवाय अधिक हात लावले, लावणी नीट ओळीत केली, पाणी वेळेवर सोडले, तर ते आणखी थोडे पिकते. कालिमंतानात जागृत ज्वालामुखी नाहीत. तिथली माती जुनी, अतोनात पावसाने धुपलेली आणि आम्ल असून किनाऱ्यालगत दलदलीचा प्रदेश मोठा आहे. अशा ठिकाणी जंगलाचा एक तुकडा तोडून, जाळून, त्या राखेवर एक-दोन वर्षे पीक घ्यायचे आणि मग पुन्हा जंगल वाढेपर्यंत तो सोडून द्यायचा, ही फिरती शेतीच शहाणपणाची ठरते. कोकणात तिला कुमरी म्हणत. तिला एका कुटुंबामागे कितीतरी अधिक जमीन मोकळी लागते, म्हणून तिथे माणसे विरळ राहिली आणि नदीकाठच्या एकेका लांबलचक घरात अनेक कुटुंबे एकत्र राहू लागली.

या बेटांवरच्या लोकांची विविधताही ध्यानात ठेवावी लागते. २०१० च्या जनगणनेत तेराशेहून अधिक वांशिक गट नोंदवले गेले आणि भाषांची संख्या सातशेच्या वर आहे. त्यांतील जावानीज वंशाचे लोक (जावा बेटावरचे सगळेच रहिवासी नव्हेत) सुमारे चाळीस टक्के, म्हणजे सर्वांत मोठा गट. तरीही १९२८ साली तरुणांनी एकत्र येऊन एका राष्ट्रभाषेची शपथ घेतली तेव्हा त्यांनी जावाची भाषा निवडली नाही, बंदरांतील व्यवहाराची मलय निवडली. ही समज मला फार मोलाची वाटते. आज ती 'बहासा इंडोनेशिया' म्हणून सर्वत्र चालते, आणि 'बहासा' म्हणजे भाषाच.

गावाला त्या भाषेत 'देसा' म्हणतात, अर्थात देश. गावप्रमुख म्हणजे 'केपाला देसा', आणि त्यातील 'केपाला' हे आपले कपाळ; तिकडे त्याचा अर्थ डोके, प्रमुख असा झाला. याच्या जोडीला आणखी एक शब्द समजून घ्यायला हवा, तो म्हणजे 'अदात'. मूळ अरबी शब्द मराठीतही 'आदत' म्हणून आला आणि इथे सवयीपुरता उरला. तिकडे मात्र त्याच्यात रूढी, कायदा, विधी, जमिनीचे हक्क आणि पूर्वजांशी असलेले नाते हे सगळे सामावते. कोणी कुठे घर बांधायचे, जंगलातील मध कोणाचा, भांडण कोणापुढे सोडवायचे, मेलेल्याला कधी आणि कसे पोचवायचे, हे अदात ठरवते. लोक मुस्लिम असोत, ख्रिस्ती असोत वा हिंदू, अदात धर्माशेजारी बसते आणि बहुतेक ठिकाणी दोघांनी परस्परांशी जुळवून घेतलेले असते.

जावापासून सुरुवात करू, कारण माणसांचा भार सर्वांत अधिक तिथेच पडला. १८१५ मध्ये रॅफल्सच्या ब्रिटिश प्रशासनाने केलेल्या मोजणीत जावात सुमारे ४६ लाख माणसे आढळली होती. तो आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमी असणार, हे गृहीत धरले तरी १९३० च्या जनगणनेतील ४ कोटी १७ लाख ही वाढ थक्क करणारी आहे. मधल्या काळात, १८३० पासून, डच सरकारने गावांना त्यांच्या जमिनीचा ठरावीक हिस्सा निर्यातीच्या पिकांसाठी देणे भाग पाडले. ऊस आणि भात एकाच पाणथळ जमिनीवर आळीपाळीने घेतले जाऊ लागले. साखरेचा पैसा हॉलंडला गेला, आणि गावात राहिली ती वाढती माणसे आणि तीच खाचरे.

या भाराला जावाच्या गावाने दिलेले उत्तर होते वाटून घेण्याचे. ते कसे चालत असे, हे समजायला एक लहानसे अवजार हातात घ्यावे लागेल. त्याचे नाव 'अनी-अनी'. लाकडाची एक पट्टी, तिच्यात बसवलेले बोटाएवढे पाते आणि धरायला आडवी काडी, इतकेच. स्त्रिया ते तळहातात लपवल्यासारखे धरत आणि भाताची एकेक लोंबी बोटांनी पात्यावर ओढून कापत. विळ्याने सपासप कापणी केली तर भाताची देवी भिऊन जाईल, अशी श्रद्धा होती. त्या देवीचे नाव 'देवी स्री', आपली श्री. श्रद्धेच्या जोडीला व्यवहारही होता: जुन्या वाणांचे भात उंच वाढे आणि सगळ्या लोंब्या एकदम पिकत नसत, तेव्हा पिकलेली लोंबी निवडून कापणेच सोयीचे असे. एकेक लोंबी कापायची म्हणजे एका शेताला कितीतरी हात लागणार. कापणीच्या दिवशी गावातल्या, शेजारच्या गावातल्या भूमिहीन स्त्रिया येत, त्यांना परत पाठवण्याची रीत नव्हती, आणि कापलेल्या जुड्यांतून प्रत्येकीला ठरलेला वाटा धान्यातच मिळे. त्याला 'बावोन' म्हणत. पाच-सहा जुड्यांमागे एक की दहा-बारा जुड्यांमागे एक, हे गावागणिक आणि नात्यागणिक बदलत असे; जवळच्या नातेवाइकाला वाटा मोठा. बलुत्याच्या रिवाजात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. शेतमालकाच्या दृष्टीने हा खर्च अवास्तव होता, परंतु त्या वाट्यावर भूमिहीन घरांची चूल पेटत होती.

१९७० च्या दशकात नवे बुटके, लवकर येणारे वाण आले. त्यांचे ताट आखूड, लोंब्या एकदम पिकणाऱ्या. त्यांना विळा बरा. वाढत्या माणसांमुळे कापणीला येणाऱ्यांची गर्दीही मालकांना पेलवेना. मग उभे पीकच बाहेरच्या व्यापाऱ्याला विकायची 'तेबासान' पद्धत वाढली. व्यापारी गावचा नव्हता, त्याला कोणाचे तोंड पाहायचे नव्हते, आणि तो आपली विळेवाली माणसे, बहुतांशी पुरुष, घेऊन येई. त्याच सुमारास भात भरडायच्या लहान गिरण्या गावोगावी पोचल्या आणि लाकडी उखळांत मुसळांनी भात कांडून मजुरी मिळवणाऱ्या असंख्य स्त्रियांचे ते काम थोड्या वर्षांत गेले. देशाचे तांदळाचे उत्पादन वाढले, १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला, आणि ती कामगिरी खरोखर मोठी होती. पण अनी-अनी हातातून सुटले तेव्हा गरिबाला गावात जागा देणारा एक नियमच सुटला, हे त्या यशाबरोबर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

वाटून घेण्याची ती वृत्ती पूर्ण गेली नाही. इर्जिक घालून एकमेकांची कामे उरकण्याला तिथे 'गोतोंग रोयोंग' म्हणतात आणि घर उभारणे, पाट साफ करणे, मयताची व्यवस्था यांत ते अजून दिसते. बारसे असो, लग्न असो की वर्षश्राद्धासारखा दिवस, 'स्लामेतान'चे जेवण घालतात. शेजारी गोल बसतात, मध्ये भाताचा शंकूसारखा ढीग, प्रार्थना होते, लोक दोन घास खातात आणि उरलेले घरी बांधून नेतात. त्या शिदोरीला 'बेर्कात' म्हणतात, म्हणजे बरकत.

याच गजबजलेल्या बेटावर, जकार्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत, बांतेन प्रांतात बादुई लोक राहतात. त्यांनी अगदी उलट उत्तर निवडले. त्यांची संख्या बारा हजारांच्या आसपास, जमीन सुमारे पाच हजार हेक्टर, आणि तीतील निम्म्याहून अधिक भाग जंगल म्हणून राखलेला. नांगर नाही, सावाह नाही. डोंगरउतारावर पावसाच्या भाताची फिरती शेती. हा तांदूळ विकायचा नसतो, कोठारात वर्षानुवर्षे साठवायचा असतो. आतली तीन गावे सर्वांत कडक: पांढरी वस्त्रे, वीज नाही, शाळा नाही, वाहनात बसणे नाही, आणि कितीही लांब जायचे असले तरी अनवाणी चालत. त्यांचे एक वचन आहे, 'लांब आहे ते तोडू नये, आखूड आहे ते जोडू नये.' वर्षातून एकदा ते शेतातील उत्पन्न घेऊन चालत जिल्हा आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांकडे जातात आणि आपले जंगल सांभाळण्याची आठवण करून देतात. परंतु इथेही माणसांचे गणित चुकत नाही. आतली गावे तीनच राहायची, म्हणून वाढलेली माणसे आणि नियम न पाळू शकणारी माणसे बाहेरच्या बादुई गावांत येतात, बाहेरची गावे वाढत जातात, आणि त्यांतील पुष्कळांना आता आपल्या हद्दीबाहेर दुसऱ्यांच्या जमिनीवर शेती करावी लागते. आतला गाभा स्थिर दिसतो तो बाहेरच्या कड्याने सगळी वाढ अंगावर घेतल्यामुळे.

पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांचे उत्तर तिसरेच. ते मुस्लिम आहेत, धर्माबाबत आग्रही आहेत, आणि जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाजही तेच आहेत. मूल आईच्या कुळाचे, वडिलोपार्जित जमीन आणि घर आईकडून मुलीकडे. त्यांच्या मोठ्या घराला 'रुमाह गादांग' म्हणतात. छपराची टोके रेड्याच्या शिंगांसारखी आकाशात वळलेली, समोर भाताची कोठारे, आणि आत एक लांब दिवाणखाना व त्याच्या मागच्या बाजूला ओळीने खोल्या. या खोल्या घरातील विवाहित स्त्रियांच्या. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला स्वयंपाकघरापासून सर्वांत दूरच्या टोकाची खोली मिळते. तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले की ती खोली तिला सोडून थोरलीने एक खोली चुलीकडे सरकायचे. असे सरकत सरकत स्त्री वयाबरोबर चुलीकडे आणि घराच्या कारभाराकडे येते. एका वंशातील स्त्रियांचे आयुष्य त्या भिंतींतून वाचता येते.

या घरात मुलाची खोली नसते. पूर्वी कळता झालेला मुलगा रात्री 'सुराऊ'मध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनागृहात, इतर मुलांबरोबर झोपायला जाई. तिथेच कुराणपठण, तिथेच कुस्तीसारख्या सिलातचे डाव. लग्न झाल्यावर तो बायकोच्या घरी रात्रीचा पाहुणा असे आणि जावयाला ते 'खुंटावरची राख' म्हणत, वाऱ्याची झुळूक आली की उडून जाणारी. त्याची जबाबदारी आपल्या बहिणीच्या मुलांची. मुलांच्या आईच्या भावाला ते 'मामाक' म्हणतात, आणि आपल्या मामाशी जुळणारा हा उच्चार ऐकून मराठी माणूस क्षणभर थबकेल. पण मामाकचा अधिकार आपल्या मामापेक्षा फार मोठा असतो, वंशाच्या मालमत्तेची व्यवस्था तो पाहतो. ही मालमत्ता विकता येत नाही, आणि गहाण ठेवायची झाली तर परंपरेने चारच कारणे मान्य आहेत: घरात प्रेत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, मोठी झालेली मुलगी लग्नाची राहिली आहे, मोठे घर गळू लागले आहे, किंवा कुळाची रिकामी पडलेली मानाची गादी पुन्हा उभी करायची आहे. पाचवे कारण नाही.

आता विचार करावा की जमीन स्त्रियांच्या वंशाकडे बांधलेली आणि घरात पुरुषाला खोली नाही, अशा गावात तरुणाने काय करायचे? त्याने गाव सोडून जायचे. यालाच 'मरांताऊ' म्हणतात, आणि ती लाजेची गोष्ट मुळीच नाही, ती अपेक्षाच आहे. जो तरुण अजून गावाच्या कामाचा झालेला नाही त्याने आधी परदेश पाहून यावे, असे त्यांचे पद आहे. व्यापार, शिक्षण, धर्मविद्या, जे जमेल ते करावे, आणि मिळवून परत यावे. अशा रीतीने गावची जमीन तुकड्यांत फुटली नाही आणि गावच्या माणसांनी सगळा द्वीपसमूह गाठला. २०१० मध्ये मिनांगकाबाऊंची संख्या सुमारे ६५ लाख होती आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश पश्चिम सुमात्राच्या बाहेर राहत होते. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात पादांग (पश्चिम सुमात्राची राजधानी) पद्धतीची खाणावळ सापडते, डझनभर लहान बशा एकदम समोर मांडणारी, ती याच प्रवासाची खूण. देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हात्ता आणि पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर हे याच समाजातले.

बालीकडे वळताना मराठी वाचकाला देवळे आणि रामायण आधी आठवेल. मी मात्र पाण्याविषयी लिहिणार आहे. बालीचा शेतकरी दोन गावांचा सभासद असतो. एक 'बांजार', म्हणजे त्याच्या वस्तीची मंडळी, जिचे सभागृह असते, लाकडी पोकळ घंटा असते आणि ती वाजली की प्रत्येक घरातून माणूस हजर व्हावा लागतो. दुसरे 'सुबाक', म्हणजे एका पाटावर ज्यांची खाचरे भिजतात त्या सर्वांची मंडळी, मग ते कुठल्याही वस्तीतले असोत. बालीत असे सुमारे बाराशे सुबाक आहेत, एकेकात पन्नासपासून चारशेपर्यंत शेतकरी, आणि प्रत्येकाचे आपले देऊळ. सुबाकच्या प्रमुखाला 'पेकासेह' म्हणतात. धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाटकऱ्याची आठवण होईल, पण बालीत हे जाळे डोंगरावरच्या सरोवरापासून समुद्रापर्यंत पायरीपायरीने उतरते.

यात एक कोडे आहे. वरच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी आहे, मग त्याने ते खालच्याला का सोडावे? केवळ देवाच्या भीतीने, असे म्हणणे अपुरे आहे. भातावर पडणारे तुडतुडे आणि उंदीर हे त्याचे खरे उत्तर आहे. शेजारशेजारची खाचरे वेगवेगळ्या वेळी पिकली तर कीड एका शेतातून दुसऱ्यात जात राहते आणि तिला वर्षभर खाणे मिळते. सगळ्या खोऱ्याने एकदम लावणी केली आणि एकदम कापणी करून शेते पाण्याखाली मोकळी ठेवली, तर किडीची उपासमार होते. पण सगळ्यांनी एकदम लावायचे तर पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही. म्हणून किती सुबाकांनी एकत्र लावायचे आणि किती गटांनी मागाहून, याचा तोल साधावा लागतो. वरच्याला खालच्याची साथ किडीसाठी हवी, खालच्याला वरच्याची पाण्यासाठी. हा सौदा कागदावर होत नसे, तो जलदेवळांच्या उत्सवांच्या तिथींमधून ठरे.

१९७० च्या दशकात अधिक तांदळासाठी शेतकऱ्यांना देवळांच्या तिथी सोडून शक्य तितक्या वेळा भात घेण्यास सांगण्यात आले. पहिल्या हंगामांत उत्पन्न वाढले, मग पाण्याची ओढाताण झाली आणि तपकिरी तुडतुड्यांनी शेतेच्या शेते वाळवली. कीटकनाशके वाढवली तरी उपयोग होईना. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि परिस्थितीशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यांचे संगणकीय प्रतिरूप तयार केले, तेव्हा देवळांच्या जाळ्याशी जुळणारे वेळापत्रकच सर्वांत चांगले पीक देते असे दिसून आले. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गौरव योग्यच आहे, परंतु 'वारसा' या शब्दाने सुबाक संग्रहालयात जाऊ नये. ती पाणी वाटणारी चालती संस्था आहे.

लहान बेटांची उत्तरे थोडक्यात सांगतो, जरी प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. फ्लोरेस बेटावर मांगाराई लोकांची सामायिक शेते वरून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात, कारण मध्यभागी खुंटी रोवून तिच्यापासून बाहेरपर्यंत पाचरींसारखे वाटे पाडलेले असतात. वाटा मध्याशी बोटांनी मोजतात: मानकऱ्याला अधिक बोटे, साध्या कुटुंबाला कमी. मध्याशी बोटभर असलेले अंतर कडेला रुंद शेत होते. मालुकूच्या बेटांवर 'सासी' नावाचा निर्बंध घालतात. नारळ, जायफळ किंवा समुद्राचा एखादा पट्टा ठरावीक काळासाठी बंद, खूण म्हणून नारळाच्या झावळ्या बांधलेल्या, आणि राखण करायला 'केवांग' नावाचे गावचे रक्षक. पिल्ले मोठी झाली, फळ पक्व झाले की एका दिवशी सासी उघडते आणि सगळे गाव एकदम उतरते.

सरकारनेही माणसांच्या भाराला आपले उत्तर शोधले. १९०५ मध्ये डचांनी मध्य जावातून १५५ कुटुंबे सुमात्राच्या लाम्पुंगमध्ये नेऊन वसवली, आणि स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना 'त्रान्समिग्रासी' म्हणून फोफावली. १९७९ ते १९८४ या पाच वर्षांतच पाच लाखांहून अधिक कुटुंबे जावा, मदुरा, बालीतून हलवली गेली. लाम्पुंगमध्ये आज जावाचे लोक बहुसंख्य आहेत. त्यांतील अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली, हे विसरता येत नाही. परंतु ज्याला जावाचे डोळे रिकामी जमीन समजले ती बहुतेकदा कोणाची तरी विसाव्याला सोडलेली फिरती शेती होती, आणि सावाहची शेती त्या आम्ल मातीत सगळीकडे रुजली नाही. तरीही जावाची माणसे वाढतच राहिली.

दुसरे पाऊल गावाच्या रचनेवरच पडले. १९७९ च्या कायद्याने सबंध देशात गावाचा एकच साचा ठरवला, आणि तो साचा जावाच्या देसाचा होता. मिनांगकाबाऊंचे गाव म्हणजे 'नगारी', जिच्यात अनेक कुळे आणि त्यांची सामायिक जमीन एकत्र असते. सरकारी अनुदान प्रत्येक देसामागे मिळणार, म्हणून पश्चिम सुमात्रात पाचशेच्या आसपास असलेल्या नगारी फोडून तीन हजारांवर देसा करण्यात आल्या. पैसा आला, पण एका कुळाची जमीन तीन गावांत गेली आणि ती कोणी सांभाळायची हे कोणालाच सांगता येईना. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची राजवट १९९८ मध्ये संपल्यावर नगारी परत उभ्या राहिल्या. २०१४ च्या कायद्याने अदात गावांना स्वतंत्र मान्यतेचा मार्ग मोकळा केला, आणि आता देशातील सुमारे पंचाहत्तर हजार गावांना केंद्राकडून थेट निधीही मिळतो. त्याआधी, २०१३ मध्ये, घटनात्मक न्यायालयाने अदात समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत असा निर्णय दिला होता. त्या जंगलांच्या सीमा आखून नोंदवण्याचे काम मात्र संथ चालले आहे.

तिसरे पाऊल कुटुंबनियोजनाचे, आणि ते जिथे गावाच्या रचनेला हात घालून नव्हे तर तिचा हात धरून टाकले गेले तिथे ते विलक्षण यशस्वी झाले. १९७० मध्ये राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि 'दोन मुले पुरेत' ही घोषणा घरोघरी पोचली. १९६० च्या दशकाअखेरीस इंडोनेशियन स्त्रीला सरासरी साडेपाच मुले होत. २०२० मध्ये हे प्रमाण सव्वादोनच्याही खाली आले. बालीत हे काम बांजारने उचलले. मासिक सभेत पाणी, देऊळ, रस्ता यांच्याबरोबर कोणत्या घरात कोणते साधन वापरले जाते याचीही चर्चा होई, आणि सभागृहात वस्तीचा नकाशा लावून घरे साधनांनुसार वेगवेगळ्या रंगांत दाखवली जात. आपल्याला हा खासगीपणावरचा घाला वाटेल, आणि काही जोडप्यांना तो तसा वाटलाही असेल. पण ज्या मंडळीपुढे पाणीही मोजून मिळते तिथे जीव मोजले जाणे अनेकांना विपरीत वाटले नाही.

बालीत मुलांची नावे जन्मक्रमाने ठेवतात, मुलगा असो वा मुलगी. पहिले वायन, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत, आणि पाचवे झाले तर पुन्हा वायन. दोन मुले पुरेत, हे बालीने इतके मनावर घेतले की न्योमान आणि केतुत ही नावे लहान मुलांत विरळ होत गेली. २०१९ मध्ये बालीचे गव्हर्नर वायन कोस्तर यांनी दोन मुलांचा प्रचार थांबवण्याची सूचना काढली आणि ही दोन नावे लुप्त होऊ नयेत म्हणून चार मुलांचे बाली कुटुंब पुढे आणले. त्यामागची कळकळ मला समजते. नाव गेले की वडीलधाऱ्यांच्या तोंडची हाकही जाते. परंतु दक्षिण बालीत खाचरांवर हॉटेले आणि बंगले उभे राहत आहेत, आणि सुबाकमधील वरची चार खाचरे विकली गेली की पाट तिथेच तुटतो, खालच्या सगळ्यांचे पाणी अडते. मादेच्या वाट्यालाच आज धड खाचर येत नाही. केतुत जन्माला आला तर कुठल्या पाटावर त्याचे पाणी ठरवायचे, हे त्या सुबाकच्या पेकासेहला विचारावे लागेल.